थोरला की धाकटा?

अलेक्झांड्रियाला मी कापसासाठी जातो. आमच्या सूतगिरणीत बारीक काउंटचं सूत निघतं, त्याला आपली २८-३० मिलिमीटरची रुई पुरत नाही, इजिप्तची लांब धाग्याची गिझा लागते, म्हणून नोव्हेंबरात तिकडे जाऊन सॅम्पलं बघायची, भाव बोलायचा आणि परत यायचं. या वेळी मिनेत अल-बसलमधल्या एका ऑफिसात बसलो होतो, म्हणजे बंदराजवळचा तो जुन्या वखारींचा भाग, नावात कांदा आहे पण गेली दीडशे वर्षं तिथे कापूसच चढला-उतरला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक आजोबा बसलेले, ऐंशीच्या आसपासचे, झिजलेल्या कॉलरचा पण कडक इस्त्रीचा शर्ट, वर काळा कोट. मालक म्हणाला हे ग्रीक आहेत, इथेच जन्मले, यांच्या घरात चार पिढ्या कापूस होता, आता नुसते भेटायला येतात. मी टेबलावरचा एक पुंजका उचलला तर त्यांनी हात पुढे केला. मी दिला. दोन्ही अंगठे आणि तर्जनीत धरून त्यांनी तो ओढला, दोन भाग झाले, एकावर एक ठेवले, परत ओढले, तुटके तंतू फुंकरीने उडवले, असं पाच-सहा वेळा, आणि शेवटी हातात एक सरळ चकचकीत पट्टी राहिली, वेणी घालायच्या आधी विंचरलेल्या केसांसारखी. ती त्यांनी कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवली आणि म्हणाले, तेहतीस. मी मोजपट्टी लावली. तेहतीसच होती. बोटं थरथरत होती त्यांची, पण पट्टीत एक तंतू वाकडा नव्हता.

मग कॉफी आली. घरी कोण कोण असतं विचारलं, मी म्हटलं आई, बायको, मुलगी, आणि गावी एक भाऊ. लगेच म्हणाले, थोरला की धाकटा? म्हटलं थोरला. "मग तू धाकटा," ते म्हणाले, "म्हणजे तुला त्याने बोलावून घेतलं." मी मान हलवली. का हलवली माहीत नाही, त्यांच्या इंग्रजीत आणि माझ्या इंग्रजीत पुढचं सगळं सांगणं अवघड वाटलं असेल, समोर माल पडला होता, मालक घड्याळ बघत होता. पण रात्री हॉटेलच्या खोलीत झोप लागेना. समुद्राचा वारा खिडकीला धडकत होता आणि मला राहून राहून वाटत होतं की आपण खोटं बोललो.

मला कुणी बोलावलं नव्हतं. मला पाठवलं होतं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पाच एकर कोरडवाहू. वडील गेले तेव्हा दादा बारावीला होता आणि मी आठवीत. दादाने कॉलेजचा फॉर्म आणून ठेवला होता, तो कपाटातल्या वर्तमानपत्राखाली बरीच वर्षं होता, मी पाहिलाय. त्यानंतर तो शेतात गेला आणि मी शिकलो, हॉस्टेलची फी दर जूनला बरोब्बर यायची, कपाशीचे पैसे तर दिवाळीनंतर येतात, मग जूनमध्ये ते कुठून यायचे हे मी कधी विचारलं नाही. ग्रीक आजोबांच्या प्रश्नात त्यांचं एक गृहीत होतं, की थोरला आधी घर सोडतो, परमुलखात पाय रोवतो आणि मग धाकट्यांना एकेक करून ओढून घेतो. त्यांच्याकडे तसंच झालं होतं. त्यांचे पणजोबा कासोस नावाच्या बेटावरून आले, सुवेझचा कालवा खणायला, आणि मागून त्यांचा धाकटा भाऊ आला. नुसता त्यांच्या घरातला नाही, त्या एवढ्याशा खडकाळ बेटावरून त्या दहा वर्षांत, १८५९ ते १८६९, हजारो माणसं इजिप्तमध्ये गेली. आणि हेच बेट जून १८२४ मध्ये इजिप्तच्याच आरमाराने जाळून बेचिराख केलं होतं, माणसं मारली, बायकापोरं गुलाम म्हणून नेली. आजोबा हे सांगताना जराही थांबले नाहीत. ज्यांनी घर जाळलं त्यांच्याच दारात नातवंडं टोपली-फावडं घेऊन उभी राहिली, कारण बेटावर खायला नव्हतं. भूक किती लवकर सगळं विसरायला लावते, की विसरत नाही आणि तरीही जावं लागतं, हे मला नीट कळलेलं नाही.

येताना अथेन्सला विमान बदलायचं होतं, मधे एक अख्खा दिवस होता, तर १८९६ चं पहिलं आधुनिक ऑलिम्पिक जिथे झालं ते संगमरवरी स्टेडियम बघायला गेलो. बाहेर एक पुतळा आहे, येओर्गिओस अवेरोफचा. हे स्टेडियम ज्याच्या पैशाने परत उभं राहिलं तो माणूस, नऊ लाखांच्या वर द्राख्मा दिले त्याने, आणि मेल्यावर मागे ठेवलेल्या पैशातून ग्रीसने एक युद्धनौका घेतली, तिला त्याचंच नाव, ती अजून अथेन्सजवळच्या फालिरोला उभी आहे. हा पैसा सगळा इजिप्तचा. कापसाचा, व्यापाराचा. पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा हा माणूस आला पण नव्हता, तिकडे अलेक्झांड्रियातच राहिला. पण मला आजोबांचा प्रश्न डोक्यात होता म्हणून मी फोनवर वाचत बसलो, आणि ते सापडलंच. मेत्सोवो हे पिंडसच्या डोंगरातलं मेंढपाळांचं गाव, थंडीत बर्फाखाली जाणारं, तिथून हा पोरगा १८३७ मध्ये कैरोला गेला तो भावाकडे. आनास्तासिओस त्याचं नाव. तो आधी गेला होता, त्याचं दुकान होतं. म्हणजे पहिल्यांदा अनोळखी बंदरात उतरून कुणाचं तोंड ओळखीचं नाही अशा गावात पथारी टाकणारा तो, भाषा शिकताना फसलेला तो, आणि धाकट्याला पत्र लिहून ये म्हणणारा तो. मी त्या पुतळ्याभोवती दोनदा फिरलो. आनास्तासिओसचं नाव मला तरी कुठे दिसलं नाही.

त्या काळात भाऊ म्हणजे नुसतं नातं नव्हतं, ती धंद्याची रचनाच होती. तार नाही, बँक आहे पण आपल्यासारख्याला दारात उभं करत नाही, माल बोटीत चढवला की दोन महिने त्याचा पत्ता नाही, मग पलीकडच्या बंदरात उतरवून घेणारा, तोलून घेणारा, पैसे न खाणारा माणूस कोण? भाऊ. म्हणून एक भाऊ अलेक्झांड्रियात, एक लिव्हरपुलात, एक लिव्होर्नोत. खाली लहान प्रमाणावर पण हेच. एक भाऊ नाईलच्या मुखाकडच्या एखाद्या खेड्यात दुकान टाकायचा, तेल, साबण, केरोसिन, चीज, वर गल्ल्यामागे झोपायचं, आणि चार वर्षांनी धाकटा आला की त्याला हे दुकान देऊन स्वतः पुढच्या खेड्यात. आणि हे सगळं आधी कशासाठी, तर बहिणींच्या हुंड्यासाठी. प्रिका म्हणतात ग्रीकमध्ये. बहिणी उजवल्याशिवाय भावाने लग्न करायचं नाही ही रीत इतकी घट्ट होती की कित्येक जण चाळिशीपर्यंत असेच राहिले. हे वाचताना मला परकं काही वाटलं नाही. आमच्या ताईचं लग्न झाल्यावर तीन वर्षांनी दादाचं झालं, आणि त्या तीन वर्षांत त्याने स्वतःसाठी एक शर्ट शिवला असेल तर आईला विचारायला लागेल.

त्या खेड्यातल्या दुकानदाराला इजिप्तमध्ये बक्काल म्हणतात, ग्रीकमध्ये बाकालिस. आपल्याकडे जुन्या कागदपत्रांत वाणी, उदमी, बकाल असे शब्द येतात ना, तोच शब्द, आता आपण तो फक्त बकाल वस्ती म्हणताना वापरतो. एका शब्दाचं काय काय होतं. इजिप्तमध्ये हा ग्रीक बक्काल फक्त साबण विकत नव्हता, तो पेरणीला पैसे पण द्यायचा. आणि इथे मला थांबावं लागतं, कारण मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. बी-बियाण्याला उसने, पीक आल्यावर कापूस त्याच्याच काट्यावर, व्याज किती लावलं ते त्याच्याच वहीत. शेतकरी भांडायला गेला तर कुठे जाणार, परदेशी माणसावर इजिप्तच्या कोर्टात दावा चालत नव्हता, त्यांच्या त्यांच्या वकिलातीत चालायचा. १८७६ पासून मिश्र कोर्टं आली तर कर्जापोटी जमीन घेणं उलट सोपं झालं. मी त्या कासोसच्या पोराच्या जागी स्वतःला ठेवू शकतो, अगदी सहज, गल्ल्यामागे सतरंजी टाकून आईला पत्र लिहिणारा. पण त्या फेल्लाहच्या, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याच्या, जागी मला स्वतःला ठेवावं लागत नाही, तिथे आमचे आजोबा आधीच बसलेत.

आणि गंमत नाही, दुःखच आहे, की या दोन्ही बाजूंना एकाच झटक्याने वर नेलं आणि खाली आपटलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या आणि जगात दोन बंदरांवर सोनं बरसलं, अलेक्झांड्रिया आणि आपली मुंबई. मुंबईत प्रेमचंद रायचंद, बॅकबेचे शेअर्स, समुद्र बुजवायच्या कंपन्या. तिकडे भाव चौपट झाले, नाईलच्या डेल्टात जिथे तिथे सरकी काढायची वाफेवरची जिनं उभी राहिली, बेटांवरून भावांमागून भाऊ आले. १८६५ ला युद्ध संपलं. मुंबई कोसळली ते आपल्याला माहीत आहे, राजाबाई टॉवर बघताना कुणीतरी सांगतंच. पण खरी कळ दहा वर्षांनी उठली, १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांच्या घरात शिरून कर्जखतं जाळली, कारण वर गेलेला भाव बघून घेतलेलं कर्ज खाली आलेल्या भावात फिटत नव्हतं. इजिप्तच्या सरकारचंही तेच झालं, भाव चढते असताना काढलेली कर्जं, मग दिवाळखोरी, मग परक्यांचा हात तिजोरीत, मग जून १८८२ मध्ये अलेक्झांड्रियात दंगल, लोक रस्त्यात मारले गेले, ग्रीक पण, इजिप्शियन तर पुष्कळच, आणि महिन्याने, ११ जुलैला, इंग्रजांच्या बोटींनी शहरावर तोफा डागल्या आणि देश ताब्यात घेतला. पुढची सत्तर वर्षं ग्रीकांच्या दुकानांवर, वखारींवर, सिगरेटच्या कारखान्यांवर त्या राज्याची सावली होती. त्यांनी ते राज्य आणलं नव्हतं. पण त्याच्या सावलीत बसले होते.

ग्रीक कवी कवाफीचं घर त्याच शहरात आहे, आता म्युझियम आहे, पूर्वीची लेप्सियस स्ट्रीट, वर जायला अरुंद जिना. मी कवितेसाठी नाही, कापसासाठी गेलो होतो. त्याच्या बापाची आणि काकाची, दोन भावांची, पेढी होती, एक इंग्लंडात आणि एक अलेक्झांड्रियात, कापूस पाठवणारी. अलेक्झांड्रियातला १८७० मध्ये वारला, मागे बायको आणि सात मुलगे, थोड्याच वर्षांत पेढी बुडाली. श्रीमंत घरातली ती मुलं मग नोकरीला लागली. सगळ्यात धाकटा, कॉन्स्टंटाईन, इंग्रजांच्या पाटबंधारे खात्यात तीस वर्षं पत्रव्यवहार करत राहिला आणि उरलेल्या वेळात कवी झाला. जी शेतं त्याच्या बापाने विकत घेतलेला कापूस पिकवत होती त्यांच्याच पाण्याची पत्रं मुलाने लिहिली. भिंतीवरचे फोटो बघत असताना तिथल्या बाईंनी सांगितलं की जॉन म्हणून एक थोरला भाऊ होता, तोही कविता करायचा, इंग्रजीत, पण तो धाकट्याच्या ग्रीक कविता इंग्रजीत उतरवून द्यायला बसायचा. मी त्या खोलीत जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

इंजिनिअरिंगला असताना आम्हाला कापसाच्या जाती पाठ करायला लावायचे. त्यात एक साकेल होती, लांब धाग्याची, रेशमासारखी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तच्या निम्म्याहून जास्त शेतांत तीच होती, मुंबईच्या गिरण्या बारीक सुतासाठी ती मागवायच्या. मला वाटायचं साकेल हे गावाचं वगैरे नाव असेल. आजोबांनी सांगितलं, साकेल म्हणजे साकेल्लारिदिस, ग्रीक माणूस, त्याच्या हाताला ते झाड लागलं. तसंच रॅलीजचं. आमच्या गोठ्याच्या फळीवर फवारणीच्या औषधाच्या बाटल्या असायच्या त्यावर हे नाव मी लहानपणापासून वाचतोय, आणि ते ग्रीसच्या खिओस बेटावरच्या पाच भावांचं आडनाव आहे हे मला चाळिशीत कळलं. १८२२ ला त्यांच्या बेटावर कत्तल झाली, माणसं जगभर पांगली, या भावांची पेढी त्याआधीच लंडनला सुरू झाली होती, १८६१ ला तिने मुंबईत ऑफिस टाकलं, आणि आज ती कंपनी टाटांची आहे पण नाव तेच. दादा ती बाटली हातात घेऊन कितीदा म्हणाला असेल, टोपण नीट लाव. त्या टोपणाखाली पाच भाऊ होते.

१९२७ च्या जनगणनेत इजिप्तमध्ये सुमारे ७६ हजार ग्रीक होते. आता अलेक्झांड्रियात ते शोधावे लागतात. २६ जुलै १९५६ ला राष्ट्राध्यक्ष नासर मन्शियाच्या चौकात बोलले, कालवा आमचा झाला म्हणाले, आजोबा तेव्हा शाळकरी होते, वडिलांच्या खांद्यावरून नाही पण हात धरून गर्दीत होते. सप्टेंबरात कालव्यातून बोटी नेणारे इंग्रज-फ्रेंच पायलट एका रात्रीत काम सोडून निघून गेले, जगाला वाटलं आता बोटी अडकणार, पण ग्रीक पायलट राहिले आणि बोटी चालू राहिल्या. आजोबांचा एक काका त्यात होता. हे सांगताना ते पहिल्यांदाच खुर्चीत ताठ बसले. पण १९६१ ला कापूस, बँका, कारखाने सगळं सरकारजमा झालं आणि घरातली माणसं निघायला लागली. आजोबांचा धाकटा भाऊ मेलबर्नला गेला. तिकडून त्याने पत्र टाकलं, ये म्हणून, तिकीट पाठवतो म्हणून. आई अंथरुणावर होती, आजोबा गेले नाहीत. आई गेल्यावर पण गेले नाहीत. शात्बीच्या ग्रीक दफनभूमीत दर रविवारी जातात, घरच्यांच्या दगडांवरची धूळ पुसतात.

म्हणजे ते थोरले होते. आणि त्यांनी मला जे विचारलं ते त्यांना स्वतःला कुणीतरी विचारायला हवं होतं, हे मला विमानात बसल्यावर सुचलं.

घरी आल्यावर आठ दिवसांनी गावी गेलो. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत तो पुंजका होता, आजोबांनी ओढून सरळ केलेला, मी तसाच जपून आणला होता. दादा ओट्यावर बसून वेचणीच्या बायांचा हिशोब करत होता. पिशवी दिली तर त्याने आधी हात धोतराला पुसले, मग पट्टी बाहेर काढली, उजेडात धरली, आणि अगदी तसंच, दोन अंगठ्यांमध्ये धरून हळूच ओढली. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही.

"लांब हाय बे," तो म्हणाला. "पन आपल्या जमिनीत नाही येत हे."

मग मी त्याला आजोबांचं सगळं सांगितलं, बेट, कालवा, दुकान, मेलबर्न. आणि हेही सांगितलं की त्यांनी विचारलं तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं. तू मला बोलावलं नाहीस, पाठवलंस, आणि ते मी बोललो नाही. एवढं एका दमात मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो, घशात काहीतरी आलं. दादा पट्टीकडेच बघत होता.

"त्या बुढ्याचा भाऊ फोन करते का त्याले?"

"मी विचारलं नाही, दादा."

"विचाराचं होतं नं."

तेवढ्यात मागच्या शेतावरून कुणीतरी ओरडलं, लाईन आली. थ्री फेज आली की पुढचे काही तासच पाणी देता येतं, म्हणून दादा उठला, पट्टी परत पिशवीत ठेवली, पिशवीची घडी घालून सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली आणि पंप चालू करायला गेला.